पत्र्यावरचा आकडा

ल्यान साहेबाने माझ्यासाठी लिफ्ट बंद केली होती. म्हणजे लिफ्ट चालूच होती. डॉक्टर, नर्सा, पेशंटचे नातेवाईक, फुलांच्या टोपल्या, जेवणाचे डबे, सगळं तिच्यातून वर जात होतं. फक्त ‘बाहेरच्या कंत्राटदारांनी जिना वापरावा’ असा एक कागद त्याने नोव्हेंबरपासून लिफ्टशेजारी चिकटवला होता. आणि त्या इस्पितळाच्या संगणक विभागात बाहेरून येणारी कंत्राटदार म्हणजे मी एकटीच. गेल्या वर्षी स्कूटरवरून पडल्यापासून माझा डावा गुडघा कुरकुरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी पाचव्या मजल्यावर पोचले तेव्हा तो दारातच घड्याळ बघत उभा होता.

“सात मिनिटं उशीर, यू बाई.”

“जिन्याने आले, साहेब.”

“जिना काय आज बांधलाय? सात मिनिटं आधी निघायचं.”

हा ल्यान संगणक विभागाचा मुख्य. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि सदा असा चेहरा की समोरच्याच्या अंगाला वास येतोय. मी यू पेइशान, स्टोरेजची यंत्रं बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत बारा वर्षं आहे. त्याला मी डोळ्यांसमोर नको होते, आणि मलाही तो नको होता. पण सोमवारी इस्पितळाची वार्षिक तपासणी होती आणि त्याआधी मशीनखोलीतलं एक काम माझ्या हातून पुरं होऊन त्यावर आमच्या कंपनीचा शिक्का पडणं भाग होतं. आज शनिवार होता.

काम असं. इस्पितळातल्या प्रत्येक एक्स-रेचं, प्रत्येक स्कॅनचं चित्र एका मोठ्या स्टोरेजच्या कपाटात साठवलेलं असतं. ऑपरेशनच्या टेबलाशी उभा असलेला सर्जन चित्र मागतो आणि ते त्या कपाटातून येतं. मधे स्विच असतो. स्विच म्हणजे पत्र्याची चपटी पेटी, तिच्यात पोर्टांची रांग, प्रत्येक पोर्टात एक केबल. त्या पेटीतून चित्रांच्या कपाटाकडे दोन रस्ते जातात, एक रोजचा आणि एक राखीव. रोजचा तुटला की काम आपसूक राखीव रस्त्यावर सरकायला हवं, याला आम्ही फेलओव्हर म्हणतो. रोजचा सुधारला की काम त्याच्यावर परत आणायचं, ते फेलबॅक. कुठला पोर्ट पडला तर त्याच्या जागी कुठला उभा राहायचा, हे स्विचला आधीच आकड्यांत सांगून ठेवावं लागतं. सगळी गंमत त्या आकड्यात आहे.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी च्वांग उस्तादांनी तो आकडा भरला होता. राखीव पोर्ट पाच. मग चाचणी म्हणून त्यांनी रोजची केबल ओढली, काम पाचवर गेलं, आणि इस्पितळभर चित्रं यायची बंद झाली. कारण पाच नंबरचा रस्ता जुन्या कागदपत्रांच्या साठ्याकडे जात होता, तिथे एक्स-रेचा मागमूस नव्हता. सत्तेचाळीस मिनिटं. तातडीच्या ऑपरेशनसाठी भूल दिलेल्या एका आजोबांना तसंच टेबलावरून हलवून शुद्धीवर आणावं लागलं. जिवावर बेतलं नाही, पण आजोबांचा मुलगा नगरसेवक निघाला.

ज्यांनी मला या धंद्यात स्क्रू कसा धरायचा इथपासून शिकवलं ते माझे च्वांग उस्ताद अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसले. घरी तरी कुठले, जियायी स्टेशनमागे बहिणीच्या टर्की-भाताच्या टपरीवर वाट्या विसळायला लागले.

आणि आता ल्यानच्या टेबलावर एक कागद होता. अंतिम अहवाल. ‘तंत्रज्ञ च्वांग यांनी निष्काळजीपणे चुकीचा आकडा भरला.’ खाली इस्पितळाचा शिक्का पडलेला होता, आमच्या कंपनीच्या शिक्क्याची जागा रिकामी होती. तो भरला की कागद जिल्ह्यातल्या सगळ्या इस्पितळांकडे जाणार, आणि उस्तादांना परत कुठल्याही इस्पितळाच्या मशीनखोलीत पाय ठेवता येणार नाही. वरपर्यंत दाद मागायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. मी त्या दिवशी आले ती तो कागद खोटा ठरवायला. तपासणीचं काम हे निमित्त होतं.

“आधी काम की आधी शिक्का?” ल्यानने विचारलं.

“आधी काम.”

“तुझी मर्जी. शिक्का तर मारावाच लागेल, बाई. आज नाहीतर आज.”

मशीनखोलीत कायम थंडी. बाहेर जुलैचं ऊन डोकं भाजत होतं आणि इथे मी लोकरी जाकीट चढवलं. कपाटाच्या माथ्यावर मक्याच्या कुरमुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली होती, यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून आमच्या धंद्यात तोडग्यासारखी ठेवतात तशी. ल्यानने ती उचलून माझ्या नाकासमोर धरली.

“बघ. तारीख बघ. पुढच्या मार्चपर्यंत. तुझ्या उस्तादाने ठेवलेली पुडी दोन महिने आधीच उलटलेली होती. ज्याला पुडीवरची तारीख वाचता येत नाही तो पोर्टाचा आकडा काय वाचणार?”

“तुम्ही अहवालात हेही लिहिलंय का, साहेब? कुरमुरे शिळे होते म्हणून?”

“तोंड आवर.”

“मग पुडी खाली ठेवा.”

आमच्या कामात एक रीत आहे, उस्तादांनीच लावून दिलेली. आकडे दोघांनी भरायचे. एकाने कपाटाच्या मागे उभं राहून केबल कुठे घुसलीय ते बघायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने पुढे पडद्यावर तो भरायचा आणि मोठ्याने परत म्हणायचा. नकाशा हातात असला तरी. “कागद जुना होतो,” उस्ताद म्हणायचे. “मागे उभा असलेला माणूस आत्ता बघत असतो.” आणि मागच्याला एक ताकीद, दर वेळी, मी बारा वर्षांची जुनी झाले तरी: केबलवरच्या लेबलाच्या नादी लागायचं नाही, पोर्टाखाली पत्र्यावर कोरलेला आकडा वाचायचा.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी मागे मी होते.

हे सांगितलंच पाहिजे, म्हणून सांगून टाकते. चौकशीत लांब टेबलाभोवती सहा माणसं होती. ल्यानने मला विचारलं, “तू मागून काय आकडा सांगितलास?” उस्ताद अगदी माझ्या समोर बसले होते. मी म्हणाले, “आठवत नाही.” उस्तादांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग चहाच्या कपात बघत बसले. “आकडा मी भरला,” ते म्हणाले. “जबाबदारी माझी.” संपलं. आठ महिने मी स्वतःला समजावत होते की मला खरंच आठवत नाही. चार म्हणाले असेन, त्यांच्याच बोटाने पाच दाबलं असेल, वय झालंय, चष्मा जुना आहे. असं मनात यायचं आणि मग लाज वाटून मी ल्यानवर आणखी चिडायचे. ल्यानवर चिडणं सोपं होतं.

“कपाटाची मागची जाळी उघडा,” मी म्हणाले. “कोणीतरी मागे उभं राहायला हवं.”

“काही गरज नाही. ती तुमची गावठी पद्धत आता इथे चालत नाही. नकाशात चार आहे, चार भर.”

“किल्ली तुमच्याकडेच आहे ना?”

“किल्ली माझ्याकडेच राहील. गेल्या वेळी तुमच्या माणसांनी मागे हात घालून काय करून ठेवलं ते बघितलंय मी.”

मी चार भरला. मोठ्याने म्हटलं, “राखीव पोर्ट, चार.” कोणी परत म्हटलं नाही. मग फेलबॅकची पाळी आली आणि आमची खरी जुंपली.

“आपोआप ठेव,” ल्यान म्हणाला. “रोजची लाइन आली की त्या क्षणी काम परत तिच्यावर.”

“नाही ठेवणार.”

“काय?”

“सैल झालेली केबल लागते, सुटते, परत लागते. दिवा हिरवा होतो, विझतो. आपोआप ठेवलं तर काम दोन रस्त्यांत उड्या मारत बसेल आणि डॉक्टरांच्या पडद्यावर अर्धी चित्रं येतील. लाइन आली तरी आधी अर्धा तास बघत बसायचं, टिकते का. मग माणसाने हाताने परत आणायचं.”

“हे च्वांगचं तत्त्वज्ञान.”

“हो. आणि ते बरोबर आहे.”

“त्या बघत बसण्यापायीच सत्तेचाळीस मिनिटं गेली, बाई!”

“बघत बसण्यापायी नाही गेली,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. “रोजची केबल उस्तादांनी चौथ्या मिनिटाला परत लावली होती. ती नुसती चाचणीसाठी ओढलेली, धडधाकट केबल होती. तिच्यात बघत बसायला काही नव्हतं. काम परत आणायला एक बटण दाबायचं होतं. पण तुमचा लेखी हुकूम होता, ल्यान साहेबांच्या परवानगीशिवाय फेलबॅक करायचं नाही. अकरा फोन केले त्यांनी तुम्हाला. तुम्ही पुतण्याच्या लग्नाच्या पंगतीत होतात. फोन कोटात, कोट खुर्चीवर. शेवटी म्हाताऱ्याने तुमची परवानगी न घेता बटण दाबलं म्हणून इस्पितळ उभं राहिलं. आणि तेही तुम्ही त्यांच्याच नावावर गुन्हा म्हणून लिहिलंत.”

ल्यानचे कान लाल झाले. “हे सगळं बोलायला तू चौकशीत कुठे होतीस?”

मेल्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं.

फेलबॅक हातानेच ठेवलं, त्याच्या नाकावर टिच्चून. मग त्याने शस्त्रक्रिया विभागाला फोन करून दहा मिनिटं मागून घेतली आणि मी पुढच्या बाजूने रोजच्या रस्त्याचा पोर्ट पडद्यावरून बंद केला. दिवा विझला. चार नंबरचा दिवा लुकलुकायला लागला. ल्यानने आपल्या पडद्यावर कुणाच्या तरी बरगड्यांचं चित्र मागवलं. ते आलं. दुसरं मागवलं, तेही आलं. मी रोजचा पोर्ट उघडला आणि काम परत आणलं. सगळं लोण्यातून सुरी जावी तसं झालं.

ल्यान खुर्चीत मागे रेलला. इतका खूश मी त्याला कधी बघितला नव्हता.

“चार,” तो म्हणाला. “चार भरलं, चाललं. नकाशात चार होतं, आहे. तुझ्या उस्तादाने पाच भरलं. आता अजून काय सिद्ध करायचं राहिलं, बाई? तू स्वतःच्या हातांनी केलंस की.”

हे मला आधी सुचायला हवं होतं. काम नीट झालं की उस्ताद चुकले होते हेच ठरणार होतं, आणि काम मी नीट केलं होतं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“शिक्का,” ल्यानने शाईची लाल डबी पुढे सरकवली.

“खाली गाडीत आहे.”

“मग आण जा. जिन्याने.”

खाली उतरताना मी रडले. गाडीत बसून जरा वेळ रडले, मग खणातून शिक्का काढला. तो लाकडी, बोटाएवढा शिक्का मुठीत घट्ट धरून परत जिना चढायला लागले. गुडघा इतका ठणकत होता की मी आजारी माणसासारखी मजले मोजत होते. हा एक झाला. हा दुसरा. अजून दोन राहिले, पेइशान, चल. तिसरा. आता एकच. चौथ्या वेळी वळले, धापा टाकत कठडा धरला आणि वर बघितलं. भिंतीवर पाटी होती, ‘पाच’.

त्यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडच्या कुठल्याही इस्पितळात चौथा मजला नसतो. आमच्या भाषेत चारचा उच्चार आणि मरणाचा उच्चार जवळजवळ एकच, मग कुठल्या आजाऱ्याला चौथ्या मजल्यावर झोपवणार? तीननंतर पाच. खाटांचं तसंच, कपड्यांच्या कपाटांचं तसंच, खाली गाड्या लावायच्या जागांचंही तसंच. जन्मापासून आम्ही तीननंतर पाच वाचत आलो, आमच्या डोळ्यांना मधे काही गाळलंय असं दिसतच नाही. मी त्या पाटीकडे बघत उभी राहिले. चार मजले मी पायांनी चढले होते, आणि पाटी पाच म्हणत होती.

मग उरलेलं अंतर मी त्या गुडघ्यावर कशी धावले ते मला सांगता येणार नाही.

“मागच्या जाळीची किल्ली द्या.”

“शिक्का आणलास?”

“आणलाय.” मी मूठ उघडून दाखवली आणि परत मिटली. “किल्ली द्या, नाहीतर हा शिक्का त्या कागदावरही पडणार नाही आणि सोमवारच्या तपासणीच्या कागदावरही पडणार नाही. शोधा मग दुसरा कंत्राटदार, उद्या रविवारी.”

त्याने मला एक अस्सल शिवी दिली, आजी लोक देतात तसली, आणि किल्ली टेबलावर आपटली.

कपाटाच्या मागे केबलींचे जुडगे लटकत होते. प्रत्येक केबलीला पिवळं लेबल, सुबक छापलेलं. ही लेबलं आमची नव्हती. इस्पितळाच्या वायरमनने लावली होती, इस्पितळाच्या शिरस्त्याप्रमाणे. मी टॉर्च मारला. एक. दोन. तीन. पाच. सहा. सात. मग गुडघा टेकून खाली बसले, जुडगा हाताने बाजूला केला आणि पत्र्यावर कोरलेले आकडे बघितले. एक, दोन, तीन, चार. पाच लेबलाची केबल चार नंबरच्या पोर्टात होती. सहा लेबलाची पाचमध्ये.

“या इकडे,” मी म्हणाले.

“काय आहे?”

“या म्हणते ना. वाका. पँटीला धूळ लागली तर मी धुऊन देईन.”

तो वाकला. मी एकेका लेबलावर बोट ठेवून वाचलं आणि मग पत्र्यावर बोट ठेवून वाचलं. मग त्याने स्वतः बोट फिरवून सगळं परत वाचलं. त्याला माहीत नव्हतं, एवढं मात्र मी कबूल करते. अठरा वर्षं त्या खोलीत काढून त्याला ते कधी दिसलं नव्हतं. तोही इथलाच.

“लेबलं चुकीची आहेत,” तो शेवटी पुटपुटला.

“लेबलं तुमच्या इस्पितळाच्या हिशेबाने बरोबर आहेत. पेटी परदेशातली आहे, तिला कोण मरतंय त्याच्याशी कर्तव्य नाही. ती चार मोजते.”

मला आनंदाने ओरडायचं होतं. उस्तादांनी चुकून पाच दाबलं नव्हतं, त्यांना पाच सांगितलं गेलं होतं. आणि सांगणारी मी होते.

आता मला आठवलं. आठवलं कसलं, मी विसरलेच कुठे होते. तेव्हा गुडघ्याला पट्टा होता, खाली वाकवत नव्हतं. जुडगा बाजूला करायचा कंटाळा आला होता. लेबल अगदी डोळ्यांसमोर होतं. “पाच!” मी ओरडले होते. आणि पुढून उस्तादांचा आवाज आला होता, “पाच. नकाशात चार आहे गं. नक्की?”

“नक्की. समोर दिसतंय,” मी म्हणाले होते.

त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि माझा शब्द धरला.

ल्यान उठून गुडघे झटकत होता. हा माणूस मूर्ख नव्हता. “पण हे लेबल वाचलं कोणी?” तो म्हणाला. “मागे कोण होतं त्या दिवशी?” आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ती ओळखीची कळा परत आली. “अगंबाई. तू होतीस. आणि तुला आठवत नाही.”

“आठवतंय,” मी म्हणाले.

साडेचार वाजले होते. मला गप्प बसता आलं असतं. ‘लेबलं सदोष होती’ एवढं लिहून थांबता आलं असतं. ल्यानही थांबला असता, कारण लेबलं त्याच्या विभागाची होती. पण मग आकडा लेबलावरून कोणी वाचला हा प्रश्न उरला असता, आणि त्याचं उत्तर लोकांनी उस्तादच धरलं असतं. त्याच्या टेबलावरचा अहवाल मी उभा फाडला. कोरा कागद घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. राखीव रस्त्याचा आकडा मागून मी सांगितला. पत्र्यावरचा न वाचता लेबलावरचा सांगितला. तंत्रज्ञ च्वांग यांनी नकाशातला फरक बोलून दाखवला, तरी मी नक्की म्हणाले. चौकशीत मी हे लपवलं. त्याखाली लिहिलं: केबल चौथ्या मिनिटाला परत लावली होती, फेलबॅकच्या परवानगीसाठी अकरा फोन केले, ते उचलले गेले नाहीत.

“ते शेवटचं खोड,” ल्यान म्हणाला.

“नाही.”

“खोड, नाहीतर मी सही करणार नाही.”

“नका करू. मग सोमवारी तपासणीवाल्यांना सांगा की फेलओव्हरच्या कामावर शिक्का का नाही. मी माझं सगळं लिहिलंय, साहेब. तुमची एक ओळ आहे. तुम्हाला ती एवढी जड झाली?”

“तुला माहीत आहे ना, आता त्याच्याऐवजी तुझं नाव सगळ्या इस्पितळांत जाईल? मी स्वतः धाडीन. आजच्या आज.”

“धाडा. त्यात एक बरं, जिना चढायला नको.”

त्याने सही केली. पेन कागदात असं रुतवलं की मागच्या बाजूला उमटलं. मी शाईच्या डबीत शिक्का दाबला आणि या कागदावर आणि तपासणीच्या कागदावर मारला. निघताना मी लिफ्टने खाली आले. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदाची प्रत घेऊन टपरीवर गेले. नऊलाच गर्दी होती. उस्ताद मोठ्या टोपातून भात काढत होते, त्यावर टर्कीचे तुकडे, वरून तळलेल्या कांद्याचं तेल. बारीक झाले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि वाट्या भरत राहिले.

“पेइशान आलीय,” त्यांची बहीण त्यांना म्हणाली, मला नाही.

“दिसतंय मला.”

“उस्ताद, हे वाचा.”

त्यांनी अंगावरच्या फडक्याला हात पुसले आणि कागद घेतला. चष्मा तोच जुना होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी वाचला, मग परत वरच्या चार ओळी वाचल्या.

“लेबलात चार गाळला होता,” मी म्हणाले. “वायरमनने. तीननंतर एकदम पाच. मला ते कालच—”

“पाच म्हणालीस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नक्की का, विचारलंही होतं तुला.”

“मग तुम्ही चौकशीत बोलला का नाहीत?”

“तिथे तुला विचारलं होतं. मला नाही.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तू बोलशील म्हणून बसून राहिलो. त्या दिवशी बसलो, मग घरी बसलो. आठ महिने झाले.”

बहीण भांडी जोरजोराने एकात एक घालत होती.

“आता तुमच्यावर काही राहिलं नाही, उस्ताद. काल संध्याकाळी कागद गेला. कंपनीही परत घ्यायला तयार होईल. याल ना?”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. त्यावर त्यांच्या बोटाचा तेलकट डाग पडला होता.

“दिवा हिरवा झालाय,” ते म्हणाले. “बघू टिकतो का.” मग त्यांनी डाव उचलला. “भात खायचाय का तुला? नसेल तर हो बाजूला. मागे लोक थांबलेत.”

मी वळून बघितलं. माझ्या मागे आठ-दहा माणसं होती, कोपऱ्यापर्यंत. मी बाजूला झाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.